आई ऑफिसला ‘जाऊन येते’ : सहा वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलं?

नाशिकच्या एका बाबांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आम्ही दोघंही नोकरी करतो. घरात मुलगा-मुलगी भेद कधी केला नाही, तसं बोलतही नाही. मुलगी सहा वर्षांची आहे. परवा भातुकली खेळताना मैत्रिणीला सांगत होती, ‘बाबा ऑफिसला जातात, आई ऑफिसला जाऊन येते.’ शिवाय, बायकांना माया जास्त असते आणि पुरुषांना रस्ते बरोबर कळतात, हेही सांगून झालं. हे तिला शिकवलं कोणी? की हे उपजतच असतं आणि आपण उगाच त्याच्या मागे लागतो?"

तुमच्या मुलीच्या त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘जातात’ आणि ‘जाऊन येते’. पोरीनं एका क्रियापदात अख्खं घर बसवलंय. बाबांचं ऑफिसला जाणं हे दिवसाचं मुख्य काम. आईचं जाणं म्हणजे सकाळचा कुकर आणि संध्याकाळची कणीक यांच्या मध्ये उरकलेलं काम, मंडईत जाऊन यावं तसं. हे कोणी शिकवत नाही. ती बघते आहे, आणि बरोबर बघते आहे.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा सरकवून घेते. कोणी शिकवलं किंवा उपजत आहे, अशा दोनच वाटा तुम्ही धरल्या आहेत. तिसरी एक आहे आणि मला तीच सगळ्यात जास्त वेळा भेटली आहे. कोण काय करतं हे माणूस बघतो आणि त्यावरून कोण कसं असतं हे ठरवून मोकळा होतो. ताप आला की आई कपाळावर पट्ट्या ठेवते, म्हणून बायका मायाळू. गाडी बाबा चालवतात, म्हणून पुरुषांना रस्ते कळतात. मोठी माणसंही हेच करतात, त्यांना फक्त भारदस्त शब्द सापडतात.

मी हे कुठून बोलते ते सांगते. मानसशास्त्र शिकले, पण गेली चोवीस वर्षं काम प्रशिक्षणाचं. ग्रामपंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका, शिक्षक, बचत गट, अधूनमधून कारखान्यांतले सुपरवायझर. यातला एक खेळ मी इतक्या वेळा घेतला आहे, की चिठ्ठ्यांच्या कडा गोल झाल्यात.

दोन सतरंज्या टाकायच्या, एक बायकांची, एक पुरुषांची. पहिल्या डब्यात कामांच्या चिठ्ठ्या: दळण आणणं, धार काढणं, फवारणी, खुरपणी, बँकेत जाणं, सासऱ्यांच्या गोळ्यांकडे लक्ष ठेवणं, विहिरीची मोटार चालू करणं, शाळेच्या मीटिंगला जाणं, जमिनीच्या कागदावर सही. मंडळी दहा मिनिटांत वाटून टाकतात, फारसा वाद होत नाही. मग दुसरा डबा. त्यात गुण: मायाळू, धीट, सोशिक, व्यवहारी, हळवं, तापट, चिकट, हिशेबी. हेही झटपट वाटले जातात. त्यानंतर मी एकेक गुण उचलून विचारते, हा इकडे का ठेवला? आणि दर वेळी बोट पहिल्या डब्यातल्या कुठल्या तरी चिठ्ठीकडे जातं. "मायाळू इकडेच, पोरांचं सगळं तीच बघते ना." "व्यवहारी तिकडं, बँकेत कोण जातं?"

एकदा मराठवाड्यातल्या एका गावात मी काही न बोलता बँकेची चिठ्ठी उचलून बायकांच्या सतरंजीवर ठेवली. तिथल्या गटाच्या बायका दर महिन्याला हप्ता भरायला बँकेत स्वतः जायच्या, पुरुष नव्हे. सगळे चिठ्ठीकडे बघत राहिले. मग गटाची सचिव, डोक्यावरचा पदर सावरत, म्हणाली, "मग ‘व्यवहारी’ पण इकडं आणा की." हशा झाला. पण चिठ्ठी आणताना तिचा हात थोडा थांबला होता, ते माझ्या लक्षात राहिलं. सात वर्षं ती बाई बँकेत जात होती. स्वतःला व्यवहारी म्हणायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

सामाजिक मानसशास्त्रात या विचाराला सामाजिक भूमिकेचा सिद्धांत म्हणतात. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ॲलिस ईगली यांनी तो नीट मांडला. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो कर्ट हॉफमन आणि नॅन्सी हर्स्ट यांचा १९९० सालचा प्रयोग. त्यांनी एक काल्पनिक ग्रह रचला. त्यावर दोन गट. एका गटातले बहुतेक जण शहरात कामाला जातात, दुसऱ्यातले बहुतेक जण मुलं वाढवतात. स्त्री-पुरुष असा शब्दच नाही. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना या गटांतल्या एकेका व्यक्तीची ओळख वाचायला दिली, आणि त्या ओळखींमध्ये स्वभाव अशा बेतानं वाटले होते की दोन्ही गट सरासरीनं सारखेच. तरी वाचून झाल्यावर लोकांचं मत काय? मुलं वाढवणारा गट प्रेमळ, शहरात जाणारा गट धडाडीचा. डोळ्यांसमोर सारखे स्वभाव असूनही कामावरून स्वभाव ‘दिसला’.

या प्रयोगातला पुढचा भाग मी प्रशिक्षणात नेहमी सांगते, कारण तो थेट तुमच्या घरात येतो. दोन गट म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यातल्या दोन संस्कृती नसून जन्मानंच वेगळ्या दोन जाती आहेत, असं सांगितलं की हा समज आणखी पक्का व्हायचा. आणि ज्यांना आधी विचारलं, "या गटातले लोक हेच काम का करत असतील?" त्यांच्यातही तो जास्त पक्का झाला. कारण शोधायला बसलं की माणूस सगळ्यात हाताशी असलेलं कारण उचलतो: त्यांचा स्वभावच तसा असणार.

आता मला सांगा, तुमच्या मुलीनं कधी ना कधी विचारलंच असेल, "रोज पोळ्या आईच का करते?" तेव्हा घरात कोणी काय उत्तर दिलं? माझा अंदाज सांगते, कारण माझ्याही घरात तेच दिलं गेलं होतं. "आईच्या पोळ्या मऊ होतात म्हणून." किंवा बाबांच्या तोंडून, हसत, "मला कुठं जमतंय? माझी पोळी म्हणजे भारताचा नकाशा!" दोन्ही उत्तरं प्रेमाची. दोन्हींमध्ये कारण म्हणून स्वभाव आणि उपजत हात दिला आहे. खरं कारण बहुधा इतकंच असतं, की लग्नानंतर पहिल्या आठवड्यात जे जसं सुरू झालं ते तसंच राहिलं, आणि एकीच्या हाताला दहा वर्षांचा सराव झाला. शिकवलं नाही, असं तुम्ही म्हणता ते मला पटतं. पण ‘का’चं उत्तर घरानं दिलंच आहे.

कामावरून स्वभाव कसा चिकटतो, हे बघायला बायका आणि पुरुष यांची तुलना करायचीसुद्धा गरज नाही. बायका आणि बायकांची करा. मुंबईत बायका नाजूक, बुजऱ्या, व्यवहारात कच्च्या असं मानणाऱ्या माणसालाही मासळी बाजारात गेल्यावर उलटं वाटतं. "कोळणीच्या तोंडी लागू नये." कोळी समाजात नाखवा समुद्रावर जातो आणि मासळी विकणं, भाव ठरवणं, पैसे सांभाळणं हे पिढ्यान्‌पिढ्या बाईकडे आहे. आता तिचा माल बघा. पापलेट सकाळी चकाकत असतं, दुपारपर्यंत बर्फ वितळतो आणि डोळा पांढरा पडतो. दर तासाला किंमत उतरणारा माल ज्याला विकायचा आहे, तो माणूस हळू आवाजात बोलून चालेल? खणखणीत आवाज, फटकन उत्तर, घासाघीस हे त्या धंद्याचं हत्यार. पण गिऱ्हाईक घरी जाऊन म्हणतं, त्यांची जातच तोंडाळ. तीच बाई घरी नातवाला भरवताना कशी बोलते, हे गिऱ्हाइकाला कुठं दिसतं?

याच्या उलट ऊसतोड. बीड, अहिल्यानगरकडून कारखान्यांच्या फडावर जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मोजणीच जोडप्याची. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीपर्यंत चढते, आणि त्याआधी पहाटे भाकरी करून आलेली असते. पण उचल मुकादम देतो ती नवऱ्याच्या हातात, हिशेब त्याच्याशी. अशा एका तांड्यात मी पुरुषांना विचारलं, जड काम कोणाचं? सगळे म्हणाले, पुरुषाचं. मागे मोळी वाहणाऱ्या बायका दिसत होत्या. म्हणजे भूमिका नुसती कष्टानं ठरत नाही. जे काम मोजलं जातं, ज्याच्या नावानं पैसा येतो, तेच काम म्हणून दिसतं. बाकीचं ‘हातभार’. तुमच्या मुलीच्या ‘जाऊन येते’मध्येही थोडं हेच आहे.

आणि स्वयंपाकाचं तर विचारूच नका. घरात तो बायकांचा उपजत गुण. पण लग्नात पाचशे पानं उठवायची असली, की आचारी पुरुष. हलवाई पुरुष, हॉटेलातला वस्ताद पुरुष. विचारलं तर उत्तर तयार: "मोठी पातेली, ताकद लागते हो." बरं. मग जिल्हा परिषदेच्या शाळेत शंभर-दोनशे पोरांची खिचडी कोण शिजवतं? तिथं बहुतेक ठिकाणी गावातल्या बाया असतात, तुटपुंज्या मानधनावर. पातेलं तेवढंच. जिथं सुपारी आणि नाव, तिथं ती कला. जिथं मानधन, तिथं ती माया.

आता ज्यावर वाद होऊ शकतो, त्याकडे येते. सगळं भूमिकेनंच घडतं, असं मी म्हणत नाही. गर्भारपण, अंगावर पाजणं, सरासरी उंची आणि स्नायूंची ताकद हे फरक खरे आहेत, आणि जुन्या काळात कामाची वाटणी त्यावरून झाली असणार हेही उघड आहे. एका माणसाचा स्वभाव तर घर, जात, पैसा, आजार, थोरला की धाकटा, कशाकशावर अवलंबून असतो. प्रश्न एवढाच, की ज्या शारीरिक कारणानं वाटणी सुरू झाली ते कारण गेल्यावर वाटणी जाते का?

नांगराचं बघा. बैलाचा नांगर धरायला खांद्यात जोर लागतो, तान्हं पोर घेऊन ते जमत नाही. डेन्मार्कच्या अर्थशास्त्रज्ञ एस्थर बोसरप यांनी १९७० साली मांडलं होतं, की जिथं नांगराची शेती होती तिथं शेत पुरुषाचं आणि घर बाईचं ही विभागणी घट्ट झाली; जिथं कुदळीची शेती होती तिथं तेवढी नाही. २०१३मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी हे जगभरातल्या आकडेवारीवर तपासलं. ज्यांचे पूर्वज नांगर वापरायचे, त्यांच्यात आजही, अगदी दुसऱ्या देशात जाऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांतसुद्धा, स्त्री-पुरुषांच्या कामाबद्दलची मतं जास्त विषम निघाली. नांगर गेला, मत राहिलं. आपल्याकडं कित्येक भागांत बाईनं नांगराला हात लावायचा नाही असा दंडकच होता. खुरपणी, लावणी, वेचणी तिची. नांगर, पाभर त्याची. मग ट्रॅक्टर आला. त्याला खांद्याचा जोर लागत नाही, पॉवर स्टिअरिंग बोटानं फिरतं. पण सीटवर कोण बसलं? आणि आता कारण विचारा. "बायकांना मशीन कळत नाही." जोर गेला तसं कारण जोरावरून डोक्यावर सरकलं. कारण असं सरकायला लागलं, की मी ओळखते, हे आता शरीराबद्दल राहिलेलं नाही.

तुम्ही कदाचित म्हणाल, माझी बायको नोकरी करतेच आहे, मग मुलीच्या डोक्यात चित्र बदलायला नको? बदलतं, पण सगळीकडून सारखं नाही. अमेरिकेत १९४६ ते २०१८ या काळातल्या १६ जनमत चाचण्या ईगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र करून पाहिल्या. तीस हजारांवर लोकांची उत्तरं. १९४६मध्ये स्त्री-पुरुष सारखेच बुद्धिमान असं म्हणणारे ३५ टक्के होते. २०१८मध्ये ८६ टक्के. बायका शिकल्या, नोकऱ्यांत दिसल्या, तसं हुशारीबद्दलचं मत पालटलं. पण ‘प्रेमळ, हळव्या, दुसऱ्याचं बघणाऱ्या’ हे बायकांकडे असतं हा समज त्याच काळात आणखी वाढला. आणि धडाडी, महत्त्वाकांक्षा पुरुषांकडे, हा समज जवळजवळ तिथंच राहिला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं होतं. मग आपल्याकडचं आठवलं. बायका कामावर आल्या खऱ्या, पण कोणत्या? १९७५पासून अंगणवाडी सेविका, २००५पासून आशा, शिवाय बालवाडीच्या बाई, परिचारिका. म्हणजे घरातलीच काळजी, रजिस्टर घेऊन. सेविकेला मिळतं त्याला आजही ‘मानधन’ म्हणतात, पगार नाही. तो शब्द मला दर वेळी टोचतो. पगार कामाचा असतो, मानधन सेवाभावाचं. मूल बघतं, की बायका बाहेरही काम करतात, आणि ते काम म्हणजे पोरांना भरवणं, गरोदर बायांना दवाखान्यात नेणं. मग ‘बायका हुशार’ हे पटतं आणि ‘बायका मायाळू’ दुप्पट पटतं.

पुरुषांच्या बाजूचा बदल तर त्याहून हळू आहे. भारतात २०१९ साली झालेल्या वेळेच्या वापराच्या राष्ट्रीय पाहणीत, पाहणीच्या दिवशी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ९७ मिनिटं. हे आकडे फक्त काम केलेल्यांचे. त्या दिवशी घरकामाला हातच न लावलेले पुरुष सुमारे तीनचतुर्थांश होते. बायका ऑफिसात दिसायला लागल्या, म्हणून ‘बायकांना जमतं’ हे दिसलं. पुरुष ओट्यापाशी दिसतच नाहीत, मग ‘पुरुषांना माया असते’ हे दिसायचं कुठं?

इथं एक चूक कबूल करते. बरीच वर्षं माझा उपाय होता आदर्श दाखवण्याचा. साताऱ्याच्या सुरेखा यादव, रेल्वे चालवणाऱ्या. २०११मध्ये त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३मध्ये सोलापूर ते मुंबई वंदे भारत. मी फोटो दाखवायचे, टाळ्या पडायच्या. एकदा मागच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "ती वेगळीच बाई हो. असतं एखादीला देवाचं देणं." सगळ्या माना हलल्या. एकच उदाहरण असलं, की लोक तिला अपवादाच्या कप्प्यात ठेवतात आणि नियम शाबूत राहतो.

मग मी फोटो बंद केले आणि एसटीबद्दल विचारायला लागले. तुमच्या गाडीला कंडक्टर कोण होतं? "बाई होती." तिकिटाचं मशीन गळ्यात, सुट्ट्यांवरून दोन शब्द, दारात लोंबकळणाऱ्या पोरांना दम. आता कोणी वळून बघत नाही. सुरुवातीला ‘लेडी कंडक्टर’ म्हणायचे, आता बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘कंडक्टर’ म्हणतात. समज हलतो तो असा, वीस-पंचवीस साध्या बायका साधं काम करताना रोज दिसल्या की. त्यातल्या काही कंटाळलेल्या, काही खेकसणाऱ्याही हव्यात. सगळ्याच थोर असल्या तर पुन्हा कप्पा तयार.

पंचायतीत हे मोजून झालं आहे. ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११मध्ये त्या निम्म्या केल्या. पश्चिम बंगालमध्ये कोणती पंचायत राखीव हे गावाच्या मर्जीवर नव्हतं, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं, त्यामुळे अभ्यासकांना तुलना करता आली. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी बीरभूम जिल्ह्यात गावकऱ्यांना एकाच मजकुराचं पुढाऱ्याचं भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथं बाई कधीच प्रधान, म्हणजे तिथली सरपंच, झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातलं तेच भाषण कमी प्रतीचं ठरवलं. जिथं बाई प्रधान पाहिली होती, तिथं हा फरक उरला नाही. पण त्याच लोकांना पुढारी कोण आवडेल असं विचारलं, तर उत्तर पुरुषच. म्हणजे ‘जमतं का?’ यावरचं मत बदललं, ‘शोभतं का?’ यावरचं नाही. आणि ज्या गावांत दोन कार्यकाळ बाई प्रधान होती, तिथं आईबापांच्या मुलीबद्दलच्या आणि मुलींच्या स्वतःबद्दलच्या अपेक्षा वाढलेल्या दिसल्या. एका कार्यकाळात एवढं होत नाही.

माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. पहिल्या पाच वर्षांत सरपंचबाईंना फोन लावला की नवरा उचलतो. "बोला, मीच बघतो सगळं." ग्रामसभेत ती खुर्चीवर, तो शेजारी, बोलतो तो. याला सगळे हसतात, पण मला त्यात काही विशेष वाटत नाही. भूमिका नवी, अंगरखा ढगळ. पुढं ती बोलायला लागते तेव्हा खरी पंचाईत होते. तेच शब्द, तोच आवाज. तो बोलला तर ‘खमक्या’, ती बोलली तर ‘फार शेफारली’. तो ठाम, ती आगाऊ. आपल्या भाषेतच बघा, बाईला ‘मर्दानी’ म्हटलं तर शाबासकी आणि पुरुषाला ‘बायकी’ म्हटलं तर शिवी. तिनं वर चढायचं म्हणजे त्याच्यासारखं व्हायचं, आणि त्यानं तिच्यासारखं व्हायचं म्हणजे खाली उतरायचं. म्हणून तुमच्यासारख्या बापांना हे जास्त अवघड जातं, असं मला मनापासून वाटतं. बायको ऑफिसला गेली तर लोक म्हणतात, हुशार आहे. तुम्ही मुलीची वेणी घालून शाळेत सोडलंत, तर लोक विचारतात, सगळं ठीक आहे ना घरी?

थोडक्यात, मुलगी चुकलेली नाही. तिनं वाटणी पाहिली आहे. चूक आहे ती वाटणीला लागलेल्या कारणात, आणि ते कारण घर, शेजार, शाळा सगळे मिळून पुरवतात. तेव्हा काम दोन ठिकाणी आहे: काय दिसतं, आणि ‘का’ विचारल्यावर काय सांगितलं जातं.

सोपं आधी. ‘का’चं खरं उत्तर द्या. "पोळ्या आईच का करते?" "कारण मी शिकलो नाही. आईच्या आईनं तिला शिकवलं, माझ्या आईनं मला नाही शिकवलं. मी आता शिकतोय." एवढं पुरे. सहा वर्षांच्या मुलीला यातलं काहीही जड नाही. व्याख्यान देऊ नका. ‘बायका आणि पुरुष समान असतात’ हे वाक्य तिच्या डोळ्यांसमोरच्या पुराव्याशी भांडतं, आणि मुलं पुराव्याच्या बाजूनं उभी राहतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले होते. मला ते चित्र फार आवडलं. पण पुस्तक मिटल्यावर पोरगी स्वयंपाकघरातच येते.

दुसरं, ‘मदत’ हा शब्द घरातून काढा. मी स्वतः एका पालकसभेत एका बाबांचं कौतुक केलं होतं, "किती मदत करता हो तुम्ही!" त्यांची बायको शेजारीच उभी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कोणाला?" त्यानंतर हा शब्द मी जपून वापरते.

तिसरं अवघड आहे. कामाचा एखादा तुकडा नको, अख्खं काम उचला, त्याच्या आठवणीसकट. डबा भरणं हा तुकडा झाला. उद्या डब्यात काय, फ्लॉवर संपलाय का, बुधवारी शाळेत तळलेलं चालत नाही, हे डोक्यात ठेवणं म्हणजे काम. मुलीला ‘माया’ म्हणून जे दिसतं त्यातलं निम्मं हे डोक्यात ठेवणंच आहे. आणि गाडी बायकोलाही चालवू द्या, तुम्ही शेजारी बसलेले असताना. शेजारी बसून ब्रेक दाबू नका. तेही मुलगी मागून बघते.

हे तुमच्या घरात कितपत जमेल ते मी सांगू शकत नाही. तुमची शिफ्ट असेल, सासूबाई घरी असतील, बायकोलाच स्वयंपाकघर सोडायला आवडत नसेल. तिथं तिचं राज्य आहे, आणि दुसरीकडं कुठं राज्य नसेल तर ते का सोडावं तिनं? यावर तिच्याशी आधी बोला. मला विचारण्याआधी तिला विचारायला हवं होतं, असं थोडं वाटलं मला.

आणि एक बारीकशी गोष्ट. शाळेच्या फॉर्मवर संपर्कासाठी पहिला नंबर कोणाचा आहे बघा. ताप आला की शाळा तोच लावते. आमच्याकडे तो माझा होता. मुलगा तिसरीत असताना आम्ही बदलून नवऱ्याचा टाकला. पहिल्यांदा तो न्यायला गेला तेव्हा बाईंनी विचारलं, "आई गावाला गेल्यात का?" दुसऱ्यांदाही विचारलं. तिसऱ्यांदा त्याला उशीर झाला म्हणून त्या त्याच्यावरच रागावल्या.